कळमन्यातली संत्री आणि दोन मिनिटांचं कोडं

कॅज्युअल गेम बनवायला बसलेल्या माणसाने सगळ्यात आधी वेळ ठरवावी. चित्रं, नाव, संगीत हे सगळं नंतरचं. नागपूर मेट्रोच्या बर्डी इंटरचेंजवर ॲक्वा लाइनमध्ये चढून शंकरनगर चौकात उतरणाऱ्या प्रवाशाकडे जेमतेम पाच मिनिटं असतात. तेवढ्यात खेळ सुरू व्हायला हवा, रंगायला हवा आणि संपायलाही हवा. मध्येच घरून फोन आला तर तो निमूट थांबायला हवा. गर्दीत प्रवाशाचा एक हात दांड्याला असतो, त्यामुळे खेळायला उरतो तो दुसऱ्या हाताचा अंगठा. एवढ्या अटी मांडल्या की खेळाचं निम्मं रूप ठरून जातं. 'कॅज्युअल' म्हणजे सोपा, असा एक समज आहे. असा खेळ शिकायला सोपा आणि थांबवायला सोपा असतो. जिंकायलाही तो सोपाच असावा असं कुणी सांगितलेलं नाही.

आता ॲक्शन-पझल. या प्रकारात एकमेकांशी न पटणाऱ्या दोन गोष्टी एकत्र नांदतात. कोडं सांगतं, थांब, नीट बघ. चपळाई सांगते, थांबलास की गेलास. सुडोकूला घड्याळ नसतं. तासभर पेन चावत बसलात तरी चौकोन तुमच्यावर चाल करून येत नाहीत. 'फ्रूट निंजा'मध्ये उलट आहे. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या हाफब्रिक स्टुडिओने २०१० साली काढलेल्या या खेळात फळ उडालं की बोटाने कापायचं आणि बॉम्बला हात लावायचा नाही. तिथे विचाराला फारसं काम नाही. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात ॲक्शन-पझल राहतं. म्हणून माझ्या मते या प्रकारच्या खेळाचा डिझायनर मुख्यतः एकच गोष्ट घडवतो: खेळणाऱ्याला विचार करायला किती वेळ द्यायचा आणि तो कसा कमी करत न्यायचा. ज्याला हे माप साधलं त्याचा खेळ नुसत्या चौकोनांवरही चालतो. ज्याला साधलं नाही, त्याला कितीही सुंदर चित्रं वाचवत नाहीत.

नुसत्या चौकोनांचं उदाहरण जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध खेळाचंच आहे. १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी 'टेट्रिस' लिहिला, तो इलेक्ट्रॉनिका-६० या यंत्रावर. त्या यंत्राला चित्र काढताच येत नव्हतं; पडद्यावर फक्त अक्षरं उमटत. त्यामुळे टेट्रिसचे पहिले ठोकळे कंसांच्या खुणा जोडून केलेले होते. पाजित्नोव यांना पेंटोमिनो हे लाकडी कोडं आवडायचं. त्यात पाच-पाच चौकोनांचे बारा आकार पेटीत चपखल बसवायचे असतात. त्यांनी आकार चार चौकोनांवर आणले, म्हणजे सातच उरले, आणि ते वरून पडू दिले. पहिली अडचण लगेच उभी राहिली: पडदा काही सेकंदांत भरून जायचा आणि खेळ संपायचा. त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे सगळा टेट्रिस. आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी करायची.

या नियमात काय काय सामावलं आहे ते बघा. नीट रचलं तर जागा मोकळी होते, म्हणजे बक्षीस म्हणून खेळणाऱ्याला पुन्हा वेळच मिळतो. चुकीचं रचलं तर ती चूक डोळ्यांसमोर भोक होऊन बसते आणि वरची प्रत्येक ओळ अडवते. यशाच्या वेळी केलेलं काम पडद्यावरून पुसलं जातं, चुका मात्र साचत जातात. हरताना खेळणाऱ्याला दिसतं की हा ढीग आपणच रचला. पुन्हा खेळावंसं वाटतं ते त्यामुळे. खेळाने फसवलं असं वाटलं की माणूस ॲप काढून टाकतो. आपण थोडक्यात चुकलो असं वाटलं तर तो पुन्हा एकदा सुरू करतो. गुण मोजण्याची पद्धत, लेव्हल, रंग हे सगळं या एका भावनेपुढे दुय्यम आहे. वादिम गेरासिमोव या सोळा वर्षांच्या मुलाच्या मदतीने टेट्रिस आयबीएम पीसीवर आला, १९८९ मध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉयबरोबर घराघरांत पोचला, पण नियम तोच राहिला.

दाब देण्याची रीत मात्र प्रत्येकाने आपापली शोधली. १९९४ च्या 'पझल बॉबल'मध्ये रंगीत फुगे वर चिकटवत जायचं असतं, आणि काही नेम झाले की छतच खाली सरकतं. 'झुमा'मध्ये मण्यांची माळ वळणावळणाने भोकाकडे चालून येते. 'कँडी क्रश सागा'ने २०१२ मध्ये घड्याळाऐवजी बहुतेक ठिकाणी चाली मोजल्या. अमुक चालींत काम पूर्ण करा, वेळ हवा तेवढा घ्या. मेट्रोतून उतरताना फोन खिशात टाकला तरी काही बिघडत नाही, आणि तरी शेवटच्या तीन चालींना हात थबकतो. जपानी 'सुइका गेम' तर घड्याळही वापरत नाही आणि चालीही मोजत नाही. २०२३ मध्ये एकाएकी जगभर गाजलेल्या या खेळात डब्यात फळं टाकायची, दोन सारखी फळं भिडली की त्यांचं पुढचं मोठं फळ होतं, आणि चेरीपासून सुरू होऊन कलिंगडापर्यंत जायचं. तिथे संपत जाते ती जागा. त्या साखळीत चौथं फळ डेकोपोन आहे, म्हणजे आपल्या संत्र्याच्याच कुळातलं. वेळ, चाली किंवा जागा, यांपैकी काहीतरी एक आटत गेलं पाहिजे. तिन्ही एकदम आटवणारे नवखे डिझायनर पुष्कळ दिसतात. त्यांचे खेळ दमवतात, गुंतवत नाहीत.

आता प्रत्यक्ष एक खेळ घडवून बघू. विषय नागपुरातला घेऊ, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. हिवाळ्याच्या तोंडाशी आंबिया बहाराची आणि हिवाळा सरताना मृग बहाराची संत्री कळमन्याच्या बाजारात येतात. माल उतरतो, प्रतवारी होते, लहान-मोठी फळं वेगळी काढली जातात, डागी फळ बाजूला टाकलं जातं, क्रेट भरून गाडीवर चढतात. हात चालत असतात आणि डोळे त्यांच्या पुढे धावत असतात. चपळाई आणि निवड ही दोन्ही कामं ज्यात आहेत असा विषय आयताच समोर आहे.

पहिला मसुदा कुणालाही सुचेल असा आहे. वरून घसरगुंडीवरून एकेक संत्रं येतं. आकार तीन: लहान, मध्यम, मोठं. खाली तीन क्रेट. अंगठ्याने संत्रं योग्य क्रेटकडे ढकलायचं. कागदावर हे छान दिसतं. खेळून पाहिलं की कळतं, यात कोडं नाहीच. प्रत्येक संत्र्याचं उत्तर एकच आहे आणि ते आधीपासून ठरलेलं आहे. वेग वाढवला तर खेळ अवघड होईल, पण खोल होणार नाही. आत्ता केलेल्या गोष्टीचा दहा सेकंदांनी काही परिणाम होत नसेल तर ते कोडं नव्हे.

म्हणून एक क्रेट काढून घेऊ. आकार तीन, क्रेट दोन. रिकाम्या क्रेटमध्ये जे संत्रं पहिलं पडेल त्याच आकाराचा तो क्रेट ठरतो. सहा संत्री झाली की तो गाडीवर जातो आणि जागी नवा रिकामा क्रेट येतो. ज्या आकाराला क्रेट नाही त्याची संत्री बाजूच्या फळीवर ठेवायची. फळी भरून वाहिली की खेळ संपला. आता जरा जीव आला. तरीही नीट विचार केला तर इथली निवड खोटी आहे. फळीवर मुख्यतः तिसऱ्या आकाराचीच संत्री साचणार; क्रेट मोकळा झाला की तीच त्यात ओतायची, दुसरं काही शहाणपणाचं नाही. खेळणाऱ्याला हे पाच मिनिटांत कळेल आणि मग तो डोकं बंद करून खेळेल.

चौथा आकार आणला की चित्र पालटतं. दोन क्रेट, चार आकार. फळीवर आता दोन आकारांची संत्री आहेत आणि क्रेट एकच मोकळा झाला आहे. कुणाला द्यायचा? ज्याची संत्री जास्त साचली त्याला, की ज्याचं पुढचं संत्रं घसरगुंडीवर दिसतं आहे त्याला? की दुसरा क्रेट भरायला एकच संत्रं बाकी आहे, म्हणून क्षणभर थांबायचं? प्रत्येक उत्तराला किंमत आहे आणि ती थोड्या वेळाने मोजावी लागणार आहे. कोड्याचा जन्म इथे होतो. त्यासाठी नवं चित्र लागलं नाही, नवी कथा लागली नाही. एक आकडा तीनचा चार झाला.

पण त्या एका आकड्याने बाकीचे आकडे मोडले. हे संगणकाला हात लावण्याआधी कागदावरच दिसतं. चारही आकार सारख्याच प्रमाणात येत असतील तर निम्मी संत्री दोन क्रेटांत जातील आणि निम्मी फळीवर. दोनपैकी पहिला क्रेट सहाने भरेपर्यंत दोन्हींत मिळून सरासरी नऊ-एक संत्री पडलेली असतात, म्हणजे तेवढीच फळीवर. आठ खणांची फळी असेल तर बहुतेक खेळ पहिली गाडी निघण्याआधीच संपतील. फळी लांबवावी तर फोनच्या रुंदीत मावत नाही. मग क्रेट लहान करू: सहाऐवजी चार संत्री. आता पहिला क्रेट भरेपर्यंत सरासरी सहाच्या आतबाहेर संत्री फळीवर जातात. आठ खणांत ती बसतात, दोन खण श्वास घ्यायला उरतात. खेळाचा तोल म्हणतात तो हा. तो अंदाजाने साधत नाही. अकरावी-बारावीला शिकवलेल्या संभाव्यतेच्या धड्याने साधतो. गणिताच्या शिक्षकांनी वर्गात असा एखादा खेळ उलगडून दाखवावा असं मला मनापासून वाटतं. फासे आणि पत्त्यांच्या उदाहरणांपेक्षा मुलं त्यात जास्त रमतील.

आता सडक्या संत्र्याचं काय? पहिल्यांदा मनात येतं ते असं की सडकं फळ म्हणजे बॉम्ब, हात लागला की खेळ खलास. हे उसनं आहे आणि आळसाचंही. खऱ्या संत्र्याकडे बघावं. लिंबूवर्गीय फळांवर काढणीनंतर हिरवी आणि निळी बुरशी पडते, आणि त्यातली निळी बुरशी खेटून ठेवलेल्या चांगल्या फळातही शिरते. हाच नियम करू. डागी संत्रं फळीवर राहिलं तर काही सेकंदांनी शेजारच्या खणातलं संत्रं डागी होतं. ते बाजूच्या टोपलीत फेकता येतं, पण फेकायला एक हालचाल जाते आणि तेवढ्यात पुढचं संत्रं येऊन ठेपतं. एवढ्याने फळीवरच्या जागांना अर्थ आला. कडेचा खण मधल्या खणाहून सुरक्षित झाला, रिकामा खण आडोसा झाला. विषयातून नियम निघाला की तो शिकवावा लागत नाही. संत्र्याची पेटी घरी आणलेल्या प्रत्येक नागपूरकराला तो आधीच ठाऊक असतो.

नशिबाच्या प्रश्नावर थोडं थांबायला हवं, कारण इथे बरेच चांगले खेळ घसरतात. संत्र्यांचा क्रम संगणकाने कसा ठरवायचा? दर वेळी चारपैकी कुठलंही एक, असं केलं तर ते खरंखुरं यादृच्छिक झालं, पण खेळणाऱ्याला ते अन्यायाचं वाटतं. लागोपाठ बारा संत्री येऊन गेली आणि ज्याची वाट पाहतो आहोत ते मोठं संत्रं त्यांत एकदाही नाही, असं शंभरात तीनदा होणार. त्या तीनदा खेळणारा खेळालाच दोष देईल. टेट्रिसच्या बाबतीत तर १९९७ मध्ये हायडी बर्गील या गणितज्ञ बाईंनी सिद्ध केलं की दोन नागमोडी आकार आलटूनपालटून पुरेसा वेळ येत राहिले तर कितीही हुशार खेळणारा हरतोच. क्रम खरा यादृच्छिक असेल तर असा काळ कधी ना कधी येणार. पुढच्या टेट्रिसांनी यावर साधा तोडगा स्वीकारला. सातही आकार पिशवीत घालायचे, ढवळायचे, एकेक काढत जायचे. पिशवी संपली की पुन्हा सात. त्यामुळे एखाद्या आकाराच्या दोन फेऱ्यांमध्ये फार तर बारा दुसरे आकार येऊ शकतात. आपल्या खेळात आठ संत्र्यांची पिशवी करू, प्रत्येक आकाराची दोन. पुढे काय येणार ते कळत नाही, पण काय येऊ शकतं याचा अंदाज बांधता येतो. चांगल्या कोड्यात नशीब असावं ते एवढंच.

टेट्रिसवरचा आणखी एक सिद्धांत इथे सांगण्याजोगा आहे. २००२ मध्ये एमआयटीतल्या एरिक डेमेन, सुसान होएनबर्गर आणि डेव्हिड लिबेन-नोवेल यांनी दाखवलं की पुढचे सगळे ठोकळे आधीच माहीत असले तरीसुद्धा सर्वोत्तम रचना शोधणं हे संगणकशास्त्रातल्या अतिकठीण प्रश्नांच्या गटात मोडतं. कँडी क्रशसारख्या खेळांबद्दलही २०१४ मध्ये असेच निकाल आले. याचा डिझायनरसाठी अर्थ सुखद आहे. परिपूर्ण उत्तर कुणालाच मिळणार नाही, आणि त्याची गरजही नाही. 'मोठी संत्री कडेला ठेवावीत', 'फळीचे दोन खण कायम मोकळे ठेवावेत' असे ढोबळ नियम खेळणारा स्वतः बांधत जातो, मोडत जातो. ही प्रक्रिया म्हणजेच खेळात तरबेज होणं. ती जिथे संपते तिथे खेळही संपतो.

वेगाचं गणित करताना माणसाचं शरीर विसरून चालत नाही. डोळ्यांसमोर काही चमकलं तर बोट दाबायला साधारण पाव सेकंद लागतो, तोही एकच बटण असेल तर. निवड करायची असेल तर वेळ वाढतो. पर्याय जितके जास्त तितका वाढतो, हे विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये मोजून दाखवलं. आपल्या खेळात दोन क्रेट, आठ खण आणि एक टोपली आहे. सुरुवातीला अडीच सेकंदांना एक संत्रं ठीक. या चालीने दोन मिनिटांत अठ्ठेचाळीस संत्री येतात, म्हणजे एकही वाया न घालवणाऱ्याचे जास्तीत जास्त बारा क्रेट. वेग वाढवायचा, पण सरळ चढत्या रेषेत नव्हे. प्रत्येक गाडी निघाली की दोन-तीन संत्री सावकाश येऊ द्यायची, मग पुन्हा दाब. सतत चढणाऱ्या दाबात माणूस नुसता तग धरतो. उतार मिळाला की मागची चूक आठवून पुढची आखणी करतो. कसबी खेळणाऱ्याला कंटाळा येऊ नये म्हणून संत्रं लवकर खाली ओढायची मुभाही द्यावी. टेट्रिसने ती पहिल्यापासून दिली आहे. वेग खेळणाऱ्याने स्वतःहून वाढवला की तो जाच राहत नाही, ती त्याची हिंमत होते.

स्पर्शाला उत्तर मात्र तत्काळ हवं. पुष्कळ फोनचा पडदा सेकंदाला साठ वेळा नवा होतो, म्हणजे एक चित्र सुमारे सतरा मिलिसेकंद टिकतं. बोट टेकल्यापासून दशांश सेकंदात काहीच हललं नाही तर हात आणि पडदा यांचं नातं तुटल्यासारखं वाटतं. म्हणून संत्रं पोचण्याआधीच ते किंचित दबावं, क्रेटने हलकासा झोका घ्यावा, चौथं संत्रं पडताना आवाज बदलावा. २०१२ मध्ये मार्टिन योनासन आणि पेत्री पुरहो यांनी एका गाजलेल्या व्याख्यानात अगदी रुक्ष वाटणारा विटा फोडायचा खेळ अशा बारीक हालचालींनी सभेसमोर जिवंत करून दाखवला. त्यानंतर या सजावटीची लाटच आली. माझं मत असं की प्रत्येक हालचालीने काही सांगितलं पाहिजे. क्रेट भरला, फळी भरत आली, बुरशी पसरायला दोन सेकंद उरले, एवढं कळावं. पडदा थरथरला आणि ठिणग्या उडाल्या, पण कळलं काहीच नाही, तर तो गोंगाट झाला.

बुरशीवरून आठवलं. चित्रकार बुरशीचा डाग हिरवट रंगवेल. लाल-हिरवा भेद नीट न कळणारे पुरुष समाजात बरेच आहेत आणि नारिंगी सालीवरचा हिरवट डाग नेमका त्यांनाच दिसत नाही. म्हणजे त्यांच्यासाठी आपला खेळ अन्यायी झाला. डागी संत्र्याचा आकारच बदलावा: एका बाजूने खचलेलं, वर पांढुरक्या केसाळ बुरशीची किनार. चार आकारांनाही नुसत्या लहान-मोठ्याचा भरवसा नको. देठाला पान असलेलं, नसलेलं अशी दुसरी खूणही हवी. त्यात नागपूरचा मे महिना धरा. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, बसथांब्यावर, फोनचा पडदा जवळजवळ आरसा होतो. काळपट पार्श्वभूमीवरची नाजूक चित्रं तिथे दिसत नाहीत. क्रेट आणि फळी पडद्याच्या खालच्या भागात, अंगठ्याच्या कक्षेत असाव्यात. आणि अंगठ्याखाली जे झाकलं जातं तिथे महत्त्वाचं काही ठेवू नये.

नियम किती घासावे लागतात याचं एक उदाहरण फार बोलकं आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत 'थ्रीज' हा आकडे सरकवायचा छोटा खेळ आला. त्याच्या दोघा-तिघा कर्त्यांनी त्यावर वर्षाहून जास्त काळ घालवला होता. मध्ये भलतेसलते विषय आणि नियम आले आणि गळून पडले. पुढे त्यांनी आपला आपसांतला पत्रव्यवहारच प्रसिद्ध केला. नवख्या डिझायनरने तो जरूर वाचावा. खेळ आल्यानंतर सुमारे महिन्याभरातच गाब्रिएले चिरुली या एकोणीस वर्षांच्या इटालियन मुलाने त्याच वळणाचा '२०४८' एका शनिवार-रविवारात लिहून फुकट वाटला, आणि तोच जगभर पसरला. लोकप्रियतेत २०४८ पुढे गेला हे खरं. पण एक डाव कोपऱ्यात मोठा आकडा ठेवून जिंकता येतो हे कळलं की त्यातलं कोडं विरतं. थ्रीज आजही झुंजवतो. माझ्या लेखी वर्षभराची ती मेहनत वाया गेलेली नाही.

महाराष्ट्रात खेळ घडवण्याच्या कामाची सुरुवात केव्हाच झाली आहे. मुंबईत शैलेश प्रभू यांच्या यलो मंकी स्टुडिओजने 'ह्यूब्रिक्स' आणि 'सोशिओबॉल' हे कोड्यांचे खेळ काढले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा साहसखेळ जगापुढे आणला. नवी मुंबईच्या गेमेशनने २०१६ मध्ये काढलेला 'लुडो किंग' आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या फोनवर पोचला. नागपुरात अभियांत्रिकीची मुलं आहेत, चित्रकार आहेत, गाणारे-वाजवणारे आहेत. ॲक्शन-पझलला याहून मोठी फौज लागत नाही; दोन-तीन जण पुरतात.

पैशाचा प्रश्न टाळता येणार नाही. कँडी क्रशमध्ये पाच जीव असतात आणि गेलेला जीव परत यायला अर्धा तास लागतो. थांबवत नसेल तर पैसे मोजा. खेळणाऱ्याच्या अधीरतेवर चालणारा हा धंदा मला पटत नाही, विशेषतः जिथे फोन मुलांच्या हातात असतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी घातली, ते योग्यच झालं. आपल्या संत्र्यांच्या खेळाला दोन डावांच्या मध्ये एखादी जाहिरात चालेल, किंवा एकदाच थोडे पैसे देऊन विकत घेता येईल. डावाच्या मध्ये मात्र काहीही विकू नये. पैसे देऊन फळी लांबवता आली तर हरणं खेळणाऱ्याचं राहत नाही, आणि वर केलेलं सगळं गणित खोटं ठरतं.

ज्यांना हे करून बघायचं आहे त्यांनी लगेच संगणक उघडू नये. वहीच्या पुठ्ठ्यातून चार आकारांच्या चकत्या कापा, पिशवीत घाला, टेबलावर दोन चौकोन आणि आठ खणांची पट्टी आखा. एकाने अडीच सेकंदांच्या तालावर चकत्या काढाव्यात, दुसऱ्याने खेळावं. क्रेट किती संत्र्यांचा, फळी किती खणांची हे संध्याकाळभरात कळेल, आणि बदल करायला कात्री पुरेल. त्यानंतर गोडो इंजिन घ्या. ते मुक्त आहे आणि फुकट आहे. गूगल प्लेवर खातं उघडायला एकदाच पंचवीस डॉलर लागतात. नव्या वैयक्तिक खात्याला गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान बारा जणांकडून सलग चौदा दिवस तपासून घ्यावा लागतो. अनेकांना ही अट कटकटीची वाटते. ती मनापासून पाळा. त्या बारांत गेम खेळणारे मित्र कमी आणि आई, शेजारच्या काकू, मेसवाले, कळमन्यात हमाली करणारे कुणी ओळखीचे असे जास्त घ्या. त्यांच्या हातात फोन द्या, नियम सांगू नका, मदत करू नका. त्यांचा अंगठा कुठे अडतो आणि हरल्यावर ते पुन्हा सुरू करतात की फोन परत देतात, तेवढं लिहून ठेवा.